रेघेबाहेर राहिलेला खडक

काका, तुमच्या खोलीतल्या फायली रेवाला नको आहेत आणि माझ्या अपार्टमेंटमध्ये त्या मावत नाहीत. तरी आणल्या. अकरा खोकी. पाच मागच्या सीटवर, सहा डिकीत. तुमची लेक गराजच्या दारात हाताची घडी घालून उभी होती. "वैशालीताई, यू डोन्ट हॅव टु," असं दोनदा म्हणाली. मी म्हटलं, रीसायकलिंगमध्ये नको टाकूस, बस. तेव्हा ती म्हणाली, "बट दीज आर जस्ट लेटर्स नोबडी आन्सर्ड."

चुकीचं काही बोलली नाही. तुमच्या आयुष्यातली कितीतरी वर्षं त्या खोक्यांत आहेत, आणि त्यातल्या बहुतेक कागदांना कोणी उत्तर दिलेलं नाही. खोकी चढवताना माझी कंबर धरली. थकले आहे, काका. तुम्हाला जाऊन दोन महिने होत आले आणि रोज सकाळी मी कामावर निघते, संध्याकाळी येते, जेवते, आणि मध्ये काय झालं ते आठवत नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या शोकसभेत सगळे चांगलं बोलले. तुमचा आरतीतला खडा आवाज, तुमच्या हातची साबुदाण्याची खिचडी, नवीन आलेल्या पोरांना पार्किंग लॉटमध्ये ड्रायव्हिंग शिकवणं. मलाही तुम्हीच शिकवलंत. पण तुमच्या कामाबद्दल कोणी बोललं नाही, कारण कोणाला माहीतच नव्हतं. एका काकूंनी मला विचारलं, "ते जीपीएसचं काहीतरी करायचे ना गं?" मी म्हटलं, हो, तसंच काहीतरी. नंतर गाडीत बसून मला स्वतःचा राग आला. त्या काकूंना जे सांगायला हवं होतं ते आता इथे लिहिते. तुम्हाला ते सगळं ठाऊक आहे. ऐकून घ्या.

तुम्ही समुद्रातल्या रेघा काढायचात. एका देशाचं पाणी कुठे संपतं आणि दुसऱ्याचं कुठे सुरू होतं, त्या रेघा. आणि त्या काढायचात ओहायोत, डब्लिनमध्ये, एका दातांच्या डॉक्टरच्या वरच्या दोन खोल्यांत, जिथून कुठलाही समुद्र शेकडो मैल लांब. तरुणपणी सर्वेक्षणाच्या जहाजावर होतात, मग इथल्या विद्यापीठाच्या नकाशांच्या लायब्ररीत, आणि निवृत्त झाल्यावर हे दोघांचं ऑफिस. दुसरी मी. स्टुडंट व्हिसाचे शेवटचे काही आठवडे उरले होते तेव्हा तुम्ही मला घेतलंत. मुलाखतीत विचारलं होतंत, "समुद्र कधी पाहिलास?" मी म्हटलं, बाविसाव्या वर्षी, कॉलेजच्या ट्रिपला. "कुठली तू?" वर्ध्याची. "म्हणजे नागपूर." नाही, वर्धा. "तेच ते." त्या दिवसापासून मी तुमच्या तोंडी नागपूर झाले ती शेवटपर्यंत. पुण्याच्या माणसाला भूगोल पुण्याच्या बाहेर कळत नाही, आणि तुम्ही तर जगाचे नकाशे काढायचात.

आपलं मोठं काम एकच होतं. एक छोटा देश, बेटांचा. नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडलं नसतं. तो अख्खा देश आपल्या इथल्या फुटबॉल स्टेडियममध्ये बसवला तरी खुर्च्या उरतील, असं तुम्ही म्हणायचात. त्या देशाच्या शेवटच्या बेटाच्या पुढे एक खडक आहे. भरतीला बुडतो, ओहोटीला उघडा पडतो. त्याच्यावर लोखंडी खांब आणि खांबावर दिवा. खडकाच्या भोवती मासे. आणि तो खडक आमचा आहे असं शेजारचा मोठा देश म्हणतो, ज्याच्याकडे गस्तीच्या बोटी इतक्या आहेत की ह्यांच्या सगळ्या होड्या मोजल्या तरी कमी पडतील.

छोट्या देशाकडे काय होतं? सेलिना होती. समुद्र-सीमांचं त्यांचं अख्खं खातं म्हणजे ती आणि एक प्रिंटर. व्हिडिओ कॉलवर तिच्या मागे कोंबडा आरवायचा. मोठ्या देशाची बोट खडकापाशी दिसली की सेलिना त्याच आठवड्यात निषेधपत्र पाठवायची. प्रत्येक वेळी. एक बोट, एक पत्र. खडकावरचा दिवा बंद पडला की खलाशांसाठी सूचना काढायची: अमुक खडकावरचा आमचा दिवा बंद आहे, दुरुस्तीला माणूस पाठवला आहे. मोठ्या देशाच्या शास्त्रज्ञांना पत्र लिहायची: आमच्या खडकावर ओहोटीला उतरणारे समुद्रपक्षी मोजायला या, आम्ही परवानगी देऊ. ते कधी आले नाहीत, पण परवानगी कोण देतं हे कागदावर आलं. कुठे परिषद असली की तिचे मंत्री इतर छोट्या देशांना भेटून सांगायचे, भाषणात आमच्यासाठी एकच वाक्य घाला. भांडण नाही, शिवी नाही, धमकी तर नाहीच.

आणि त्या पत्रांची भाषा! पहिल्या ओळीत नमस्कार, शेवटच्या ओळीत आदर, मधे तक्रार. तुम्हाला त्या भाषेचं इतकं वेड होतं की ऑफिसात तशीच बोलायचात. "हे कार्यालय नागपूर शासनास सादर अभिवादन करून निदर्शनास आणू इच्छिते की आजही चहात आलं नाही." मी म्हणायची, नागपूर शासन ह्या विधानाचा निषेध करतं, आलं होतं, तुम्हाला चव नाही. तुम्ही म्हणायचात, "निषेधाची नोंद घेतली. हे कार्यालय आपल्याविषयीचा आदर पुन्हा व्यक्त करण्याची संधी साधते. आता दुसरा कप आण."

मला ते सगळं तेव्हा पोरखेळ वाटायचं. माझे बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली, आणि ह्याचा मला माज आहे, तुम्हीही म्हणायचात. आमच्याकडे कोणी अंगावर आलं तर लोक ओरडतात, जमतात, वेळ पडली तर दोन देतात. पत्र लिहीत नाहीत. मी तुम्हाला विचारलं होतं, काका, कोणी वाचत तरी असेल का हे? तुम्ही म्हणालात, "नाही वाचलं तरी चालेल. फायलीत लागलं की झालं. गप्प बसलं की त्याचा अर्थ होकार धरतात. उद्या कधी आंतरराष्ट्रीय पंचांसमोर गेलं, तर ते पहिलं हेच विचारणार, बोट आली तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

एका उन्हाळ्यात तुम्ही आम्हाला ईरी सरोवरावर नेलंत, रेवाला आणि मला, डब्यात गुळाच्या पोळ्या. पाणी समुद्रासारखंच, पलीकडचा काठ दिसत नाही. तुम्ही बोट करून म्हणालात, "ह्याच्या मधोमध रेघ आहे. पलीकडे कॅनडा." मला काही दिसेना. एक माणूस वाऱ्यावर पतंग उडवत होता, एक बाई कुत्र्याला पाण्यात सोडत होती. "दिसत नाही ना? चांगली रेघ अशी असते. लोकांना कळतसुद्धा नाही आहे म्हणून." रेवा म्हणाली, "डॅड, कॅन वी प्लीज नॉट वर्क टुडे." आपण तिघं हसलो. तो दिवस मला अजून लख्ख आठवतो, काका. माझ्या अमेरिकेतल्या वर्षांमधला बहुतेक सगळ्यात चांगला.

मग ती पुस्तिका.

सेलिनाच्या मत्स्यखात्याला मच्छीमारांसाठी परवान्याची छोटी पुस्तिका काढायची होती. कोणते मासे कधी धरायचे, जाळ्याचं माप, आणि पान चौदावर नकाशा: एवढ्या पाण्यात तुम्हाला मासेमारीची मुभा आहे. किरकोळ काम. ते माझ्याकडे आलं. छपाईवाल्याला हलकी फाइल हवी होती. मी किनाऱ्याची लेयर, म्हणजे संगणकावरच्या नकाशातला किनाऱ्याचा थर, साधी केली. बारीक वळणं काढून टाकली की फाइल छोटी होते. त्या साधेपणात सॉफ्टवेअरने ठरावीक आकारापेक्षा लहान असलेलं सगळं गाळलं. खडक गेला. दिव्याची खूण वेगळ्या लेयरवर होती, ती मी नकाशा स्वच्छ दिसावा म्हणून बंद केली होती. मग मी सॉफ्टवेअरला सांगितलं, आता सीमा काढ. त्याने काढली. जे दिसत होतं त्याच्याभोवती काढली. रेघ शेवटच्या बेटापाशी येऊन आत वळली, आणि खडक बाहेर राहिला.

पुस्तिका छापली. वाटली गेली. मी विसरले.

काही महिन्यांनी सेलिनाचा फोन आला. इतकी खूश होती की आधी मला तिचं बोलणंच कळेना. "त्यांनी उत्तर दिलं! वैशाली, त्यांनी उत्तर दिलं!" इतक्या वर्षांतलं पहिलं उत्तर. तुम्ही खुर्चीतून उठून उभे राहिलात. तिने ते स्क्रीनवर उघडलं. सादर अभिवादन, मग दोन ओळी: आपल्याच शासनाने प्रसिद्ध केलेल्या सोबतच्या नकाशाकडे लक्ष वेधू इच्छितो. आणि खाली आपलं पान चौदा. माझं पान चौदा.

कोंबडा आरवत होता.

आणि ते कागदावरच राहिलं असतं तर एक वेळ चाललं असतं. सेलिनाचा मामा त्या खडकापाशी मासे धरायला जायचा. त्याच्या आधी त्याचा बाप जायचा. पुढच्याच आठवड्यात गस्तीच्या बोटीने त्याला अडवलं. ह्या वेळी पाण्याचा फवारा मारला नाही, आरडाओरडा केला नाही. एका अधिकाऱ्याने नम्रपणे त्याचीच पुस्तिका मागितली, पान चौदा उघडलं आणि बोट ठेवून दाखवलं. मामा परत आला. तो मला कधी भेटलेला नाही, पण पुस्तिका हातात धरून होडी वळवणारा तो माणूस माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

तुम्ही त्याच दिवशी सेलिनाच्या मंत्र्यांना पत्र लिहिलंत. चूक माझ्या कार्यालयात झाली, जबाबदारी माझी. माझं नाव त्यात नव्हतं. त्यांनी तुमचं काम थांबवलं, आणि एवढं एकच काम असलेलं ऑफिस मग बंदच झालं. मला तुम्ही ओळखीने कोलंबसमधल्या एका कंपनीत लावून दिलंत. तिथे मी आजही गोदामांचे नकाशे काढते. व्हिसा ट्रान्सफर झाला, ग्रीन कार्डची फाइल पुढे सरकली. तुमचं नाव मात्र त्या छोट्याशा धंद्यातून पुसलं गेलं. जिथे दहा-वीस माणसं एकमेकांना ओळखतात, तिथे 'तो नकाशा ह्यांचा' एवढं पुरतं.

आणि इथून आपलं भांडण.

छोट्या देशाच्या वकीलबाईंनी कळवलं की कार्यालयाच्या चुकीचं पत्र कमजोर आहे. अडचणीत आलेल्या अशिलासाठी असं पत्र कोणीही लिहील. नकाशा ज्याने स्वतः काढला त्याचं प्रतिज्ञापत्र हवं. कोणत्या दिवशी काय केलं, का केलं, आणि रेघ कुठे काढायची हे शासनातल्या कोणीही सांगितलं नव्हतं, हे शपथेवर. मूळ फाइलींसकट. म्हणजे मी.

मी नाही म्हटलं.

तुमच्या किचनमध्ये तीन रविवार आपण ह्यावर बोललो. पहिल्या रविवारी मी कारणं सांगितली. ग्रीन कार्ड लटकलंय. नवीन कंपनी. माझं नाव कोणी सर्च केलं की पहिलं हेच येईल: देशाचा खडक घालवणारी बाई. तुम्ही ऐकून घेतलंत, भाजी ढवळत. दुसऱ्या रविवारी तुम्ही म्हणालात, "लिहून टाक गं. चूक कबूल करण्यात कमीपणा नाही." तेव्हा माझा तोल गेला.

"तुम्हाला नाही, काका. तुमच्याकडे तीन पिढ्या शिकलेल्या. तुम्ही चूक कबूल केली की लोक म्हणतात, काय मोठा माणूस! आमच्याकडे चूक कबूल केली की मेमो मिळतो. माझ्या बाबांनी एकदा सांगितलं, ब्रेकचा पाइप मीच नीट बसवला नाही. दोन वर्षं बढती अडकली. ज्याने गप्प राहायचं ठरवलं तो फोरमन झाला. मला कबुलीचं कौतुक नका सांगू."

तुम्ही गॅस बंद केलात. मला वाटलं, चिडलात. तुम्ही म्हणालात, "हे मला माहीत नव्हतं." एवढंच. मग ताटं घेतलीत. त्या दिवशी आपण जेवताना क्रिकेटवर बोललो.

तिसऱ्या रविवारी तुम्ही तयारी करून बसला होतात. टेबलावर चहा, आलं घातलेला. म्हणालात, "परवाचं तुझं बरोबर आहे. मी चुकीचं कारण देत होतो. तुझ्या मोठेपणासाठी लिही असं मी म्हणत नाही. सेलिनासाठी लिही. मोठ्या देशाच्या कागदावर कोणी विश्वास ठेवला नाही तरी त्याची बोट येतेच. सेलिनाकडे बोट नाही. इतकी वर्षं तिने जे कमावलं ते एवढंच, की तिचा कागद खरा असतो. दिवा बंद असला तर ती बंद आहे म्हणून कळवते, स्वतःचाच असला तरी. त्या ढिगात एक खोटं पान शिरलंय. ते खोटं का आहे हे जगात एकालाच सांगता येतं."

मी म्हटलं, आणि सांगून खडक परत येईल?

"माहीत नाही."

बघा, हेच. तुम्हालाच माहीत नाही.

"नाहीच माहीत. पंच काय म्हणतील, पंचांपर्यंत जाईल की नाही, काही माहीत नाही. लहानांना खात्री मिळत नसते, नागपूर. तरी पत्र टाकायचं असतं."

मी वर्ध्याची आहे, असं म्हणून मी उठले आणि चप्पल घालून निघाले. चहा तसाच राहिला.

त्यानंतर तुम्ही विषय काढला नाहीत. एकदाही नाही. मीही नाही. मग तुमचं पोट दुखायला लागलं, तपासण्या झाल्या, आणि त्या तपासण्यांनंतर असले विषय काढायची कोणाला सोय राहिली नाही. शेवटच्या महिन्यात मी दर शनिवारी यायची. रेवा थकून सोफ्यावर झोपलेली असायची. मी तुमचे पाय चेपायची, तुम्ही मला कोणत्या हायवेवर काम चाललंय ते विचारायचात. शेवटच्या शनिवारी मला वाटलं, आता बोलावं. मी खुर्ची पुढे ओढली. तुम्ही म्हणालात, "ती खिडकी थोडी उघड." उघडली. मग तुम्हाला झोप लागली. दुपारभर बसून मी निघाले. मंगळवारी रेवाचा फोन आला.

आता खरं सांगते, तुमच्या अकरा खोक्यांसाठी मी का एवढी धडपडले. मला वाटत होतं, तुम्ही मसुदा लिहून ठेवला असेल. माझ्यासाठी. तुम्ही प्रत्येक गोष्टीचा मसुदा ठेवायचात, रेवाच्या शाळेतल्या गैरहजेरीच्या चिठ्ठीचासुद्धा. मी म्हटलं, कुठल्यातरी फायलीत चार परिच्छेद असतील, खाली माझ्या सहीची जागा, आणि मला फक्त सही करायची असेल. दोन शनिवार-रविवार मी जमिनीवर बसून एक-एक कागद काढला. सेलिनाची सगळी पत्रं होती, तारखांनुसार. दिव्याच्या सूचना होत्या. माझ्या इंग्रजीवर लाल पेनने केलेल्या दुरुस्त्या तुम्ही जपून ठेवल्या होत्या, आणि त्या पाहून मी जरा रडले. मसुदा नव्हता.

पहिल्यांदा राग आला. मग वाटलं, बरोबर केलंत. तुम्ही लिहिलं असतं तर ते तुमचं झालं असतं. वकीलबाईंना हवं होतं ते माझं.

मी सेलिनाला फोन केला. ती तुमच्यासाठी रडली, मग तिने नाक पुसलं आणि विचारलं, "वैशाली, तू लिहिशील?" मी हो म्हटलं. माझ्या मॅनेजरलाही सांगितलं, आधीच, म्हणजे नंतर कोणी दाखवून देऊ नये. तो म्हणाला, "ओके, कंपनीच्या वकिलाला कळवतो." तो असा बोलला की काहीही होऊ शकतं. ते काय होईल ते अजून कळलेलं नाही. वर्ध्याला बाबांना फोन केला. त्यांना समुद्र, सीमा, प्रतिज्ञापत्र, काही नीट समजलं नाही. सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे काम तुझं होतं आणि मेमो साहेबाने घेतला?" हो, बाबा. "मंग लिहून दे ना. काहून थांबली?"

वकीलबाईंनी माझ्या बोलण्यावरून कच्चा मसुदा करून पाठवला. चांगला होता. लेयर, फाइल, छपाई, सगळं नीट. सहाव्या परिच्छेदात एक वाक्य होतं: छपाईला देण्यापूर्वी नकाशा दिवंगत सल्लागारांनी तपासून मंजूर केला होता.

मी कॉलवर त्यांना म्हटलं, हे वाक्य असं नको.

त्या म्हणाल्या, "का? मंजुरीच्या कागदावर त्यांची सही आहे. खोटं आहे का हे?"

खोटं नाही. सही आहे.

"मग राहू द्या. तुमच्या दृष्टीने सोपं जाईल. जबाबदारी वाटली जाते. आणि त्यांना आता त्याचा काही त्रास नाही."

काका, एक मिनिट मला मोह झाला. लपवत नाही. तुम्ही स्वतःच सगळं अंगावर घेतलं होतंत. एका वाक्याने तुमचं काय वाढणार होतं? पण मग मला तो दिवस सांगावा लागला, जो मी तोवर कोणालाही सांगितला नव्हता. तुमच्यासमोरही त्याचं नाव काढलं नव्हतं.

त्या आठवड्यात तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डाव्या डोळ्यावर पट्टी, उजव्याने फार वेळ स्क्रीन बघायची मनाई. तरी ऑफिसला आला होतात. मी मंजुरीचा कागद तुमच्यासमोर ठेवला. तुम्ही पेन उचललंत आणि विचारलंत, "मूळ सर्वेक्षणाच्या चार्टवर टाकून बघितलंस ना? सगळं आत येतंय?" दहा मिनिटांचं काम होतं ते. मला पावणेपाचला निघायचं होतं, एका मैत्रिणीच्या डोहाळजेवणाला. मी म्हटलं, "हो काका, बघितलं." तुम्ही सही केलीत.

मी बघितलं नव्हतं.

ते उत्तर आलं, पान चौदा स्क्रीनवर उघडलं, त्या क्षणी तुम्ही माझ्याकडे वळून पाहिलंत. एकदाच. तुम्हाला तेव्हाच कळलं. मंत्र्यांना लिहिताना तुम्ही ते लिहू शकला असतात: मी विचारलं होतं, मला हो सांगण्यात आलं. तेवढ्याने तुमचं नाव बरंच वाचलं असतं. नाही लिहिलंत. तीन रविवार माझ्याशी भांडलात, त्यातही ते तोंडातून काढलं नाहीत. तुमच्याकडे तो एक हुकमी मुद्दा होता आणि तुम्ही तो शेवटपर्यंत वापरला नाहीत. आणि मी तुम्हाला तीन पिढ्यांचं शिक्षण ऐकवत बसले.

वकीलबाईंना मी हे सगळं सांगितलं. त्या बराच वेळ टाइप करत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे घातलं तर तुम्ही जास्त वाईट दिसाल. सॉफ्टवेअरची चूक लोक समजून घेतात. हे नाही."

माहीत आहे, मी म्हटलं.

"नक्की?"

नक्की. घाला.

बँकेतल्या नोटरीसमोर मी गेल्या गुरुवारी सही केली, लंच ब्रेकमध्ये. माझ्यापेक्षा लहान मुलगी होती. तिने विचारलं, हे तुम्ही स्वतः वाचलंय का आणि ह्यातलं सगळं खरं आहे का? मी उजवा हात वर करून हो म्हटलं. ह्या वेळी आदल्या दिवशी प्रत्येक ओळ मूळ फाइलींशी ताडून पाहिली होती, तुम्ही शिकवलंत तशी, दोनदा.

काल सेलिनाने तिच्या नव्या पत्राची प्रत पाठवली. माझं प्रतिज्ञापत्र त्याला जोडलंय आणि पान चौदा रीतसर मागे घेतलंय. तिचा मामा खडकापाशी जात नाही अजून. बोट तिथेच आहे. शेजारी उत्तर देईल की नाही, कोणी सांगू शकत नाही. मलाही ह्या सगळ्याने हलकं वगैरे वाटलेलं नाही, काका, झोप यायला लागली आहे एवढंच. पण त्या पत्रात, अभिवादन आणि आदराच्या मधे, सेलिनाने एक वाक्य स्वतःहून घातलंय. आता ते एका देशाच्या दप्तरात आहे आणि दुसऱ्या देशाच्या टेबलावर, कोणी वाचो न वाचो: ह्या शासनाच्या दिवंगत सल्लागारांनी सही करण्यापूर्वी विचारलं होतं.